2008 ची ओम्नी, रोज कामावर: जुनी व्हॅन टप्प्याटप्प्याने कशी सुधारायची

तासगावात आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरमधली जळालेली मोटार वर काढायची, दुकानात आणून गुंडाळायची आणि परत नेऊन सोडायची, हा धंदा. अण्णांनी 2008 साली त्यासाठी पांढरी ओम्नी घेतली, ती आजही रोज कामावर जाते. द्राक्षाचे मणी फुगायच्या दिवसांत मोटार बसली की बागायतदार रात्री अकरालाही फोन करतो, कारण त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीच असते. अशा वेळी गाडी गॅरेजला आहे असं सांगता येत नाही. म्हणून मी गाडी एकदम खोलली नाही. सव्वा वर्षभर थोडं थोडं करत गेलो. तेच इथे लिहितोय. ज्यांची गाडी रोज कमावते त्यांना हा क्रम उपयोगी पडेल.

नवी गाडी का नाही घेतली, हे आधी सांगतो. ओम्नीची लांबी 3370 मिलिमीटर आहे आणि ती 4.1 मीटरच्या त्रिज्येत वळते. बागेच्या कडेच्या बांधावरून वस्तीवर गेलं की वळायला तेवढीच जागा असते. दोन्ही बाजूंना सरकती दारं असल्यामुळे मोटार ज्या अंगाला उतरवायची त्या अंगाने उतरते. मारुतीने 1984 साली ही व्हॅन आणली, 2019 साली बंद केली, पण पार्ट अजून तालुक्याच्या गावात मिळतात. हातातली गाडी सांगाड्याने मजबूत असेल तर ती सुधारणं परवडतं.

सांगाडा मजबूत आहे का, हेच पहिलं बघायचं. इंजिनाचा आवाज, रंग, सीट ही पुढची गोष्ट. ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्रा हीच तिची चासी. गाडी रॅम्पवर चढवा, नाहीतर जॅक लावून खाली भक्कम ठोकळे द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. जाड स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बॉडीला धरलेत तिथे, स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती, जॅक लावायच्या जागी आणि दोन्ही सरकत्या दारांच्या खालच्या चॅनेलमध्ये जोर लावून टोचून बघा. टणक आवाज आला तर ठीक. स्क्रू-ड्रायव्हर आत रुतला तर पत्रा गेला. पाट्यांचा हँगर किंवा स्टिअरिंगची जागा सडून वेल्डिंगलाही पत्रा उरला नसेल, तर ती गाडी सोडून द्या. त्यावर एक रुपयाही घालू नका.

माझ्या गाडीचे हँगर ठणठणीत होते, पण मधली रबरी मॅट उचलली तेव्हा खालचा पत्रा पापडासारखा मोडला. कारण आमच्याच कामात होतं. बोअरमधून काढलेली मोटार आणि पाईप पाणी गाळत गाडीत येतात. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षारयुक्त. ते मॅटखालच्या फेल्टमध्ये मुरायचं आणि तिथेच राहायचं. नुसता पत्रा बदलून दोन वर्षांत परत हेच झालं असतं, म्हणून त्यावरचा इलाज मी पुढे सांगितला आहे.

यानंतर आठ दिवस काहीही दुरुस्त न करता फक्त वही ठेवा. सकाळी थंड इंजिन किती वेळात सुरू झालं, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी ब्रेक मारल्यावर कुठल्या अंगाला ओढते, कुठल्या गिअरला आणि किती वेगाला कुठला आवाज येतो, सगळं लिहायचं. मिस्त्रीकडे जाऊन नुसतं ‘आवाज येतोय’ म्हटलं तर तो अंदाजाने पार्ट बदलतो. ‘चाळीसच्या पुढे, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर, मागून घुर्र’ असं सांगितलं की तो थेट प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) हलवून बघतो. माझा तोच खराब निघाला आणि तासाभरात काम झालं.

आधी थांबली पाहिजे

पहिले पैसे ब्रेक आणि टायरवर घाला. सुट्टीच्या एका दिवसात हे होतं. माझ्या मागच्या डाव्या ड्रमचा व्हील सिलिंडर पाझरत होता आणि लायनर तेलकट झाले होते. तेलकट लायनर घासून परत बसवू नका, दोन्ही बाजूंचे नवे घाला. चाकांकडे जाणारे रबरी होज वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या की बदला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे गाडी कमी चालली असली तरी दोन वर्षांनी ते बदलायचं. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. ब्लीडरला (हवा काढायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत काढत राहा, आणि वरचा डबा रिकामा होऊ देऊ नका.

टायरवर चार आकडी तारीख असते. 2316 म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. माझ्या स्टेपनीची नक्षी नव्यासारखी होती, पण रबर कडक होऊन बाजूला तडे गेले होते. ओझं नेणाऱ्या ओम्नीला 145 आर 12 एलटी, सहा प्लायचाच टायर घाला. स्वस्तात कारचा टायर गळ्यात मारतात. तो साठ-सत्तर किलोची मोटार आणि पाईप घेऊन बांधावरून जाण्यासाठी नसतो.

इथेच पाटा वाढवण्याबद्दल बोलतो. आमच्याकडे बरेच जण मागे एक पाटा जास्त टाकून घेतात. गाडी उचललेली दिसते, पण त्याने ब्रेक, अ‍ॅक्सल, टायर यांची ताकद वाढत नाही. मी उलटं केलं. वजनकाट्यावर गाडी रोजच्या सामानासकट चढवली, मग सगळं उतरवून परत वजन केलं. नव्वद किलो सामान असं निघालं की जे सहा महिन्यांत हाताळलं नव्हतं: दोन जुने रोटर, फुटक्या पंपाचे भाग, तांब्याची भंगार तार. ते दुकानात ठेवलं. मागचे शॉकअप आणि पाट्यांचे बुश नवे घातले. गाडी आपोआप वर आली.

इंजिन

ओम्नीचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं, पुढच्या सीटखाली. आषाढ-श्रावणात विहिरी भरलेल्या असतात, मोटारींची कामं कमी असतात, तेव्हा इंजिनाचं काम काढा. आधी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर हेड खोलायची घाई करू नका. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे कुणाला आठवत नसेल तर तो बदलला नाही असंच धरा. बेल्टबरोबर टेन्शनरचं बेअरिंग आणि तिथली ऑइल सीलही बदला, कारण मजुरी एकदाच लागते.

गाडी तापते ही ओम्नीची नेहमीची तक्रार. रेडिएटर पुढे, इंजिन सीटखाली, मध्ये लांब पाईप. या लांब वाटेत हवा अडकते. कूलंट भरताना गाडीचं तोंड चढाला ठेवा, सावकाश भरा, इंजिन सुरू करून पातळी खाली गेली की परत भरा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीही टाकू नका. पंपाच्या इम्पेलरवर पांढरा थर बसतो तो आम्ही रोज खरवडतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि तिथे खरवडायला हात पोचत नाही.

पूर्वी एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाकला होता, ‘आता तापणार नाही’ म्हणून. गाडी तापायची थांबली आणि पेट्रोल जास्त प्यायला लागली. एमपीएफआय, म्हणजे कार्बुरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या गाडीत इंजिनाचा कॉम्प्युटर कूलंटचं तापमान बघून पेट्रोल सोडतो. इंजिन गरमच झालं नाही तर त्याला वाटतं गाडी अजून थंड आहे, आणि तो जास्तच सोडत राहतो. नवा थर्मोस्टॅट घातला, रेडिएटर साफ करून घेतला, आणि दोन्ही तक्रारी गेल्या.

आणखी एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच पटेल. एमपीएफआय ओम्नीचा पेट्रोल पंप टाकीत बुडलेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो, अगदी बोअरमधली मोटार पाण्याने थंड राहते तसा. पाणी खाली गेल्यावर मोटार कोरडी चालवली की ती जळते, हे आपण शेतकऱ्याला सांगतो. मग आपल्या गाडीची टाकी रोज काट्याच्या तळाला ठेवून फिरू नका. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, आणि 2008 च्या गाडीचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या, ओ-रिंग आणि फिल्टर बदलून घ्या, नळी इथेनॉलला चालणारी आहे का ते दुकानदाराला विचारा. नळ्या बदलल्यावरही महिन्याला एकदा टॉर्च घेऊन सगळे जोड बघायचे. पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथेच थांबवायची.

वायरिंग

हा माझा विषय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जुन्या गाडीच्या निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या असतात. माझा सेल्फ थंडीत रडायचा. तीन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या तरी फरक नाही. शेवटी मल्टिमीटर डीसी वीस व्होल्टवर लावला. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरली, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच. लाल तार इंजिनच्या स्वच्छ बोल्टवर. पोऱ्याला तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगितला. मीटरने 1.4 व्होल्ट दाखवले. म्हणजे बॅटरीचा तेवढा जोर अर्थिंगच्या वाटेतच खर्च होत होता. हा आकडा पाव व्होल्टाच्या आत हवा.

अर्थिंगची पट्टी काढली तर बॉडीला लागणाऱ्या टोकाखाली हिरवट-तपकिरी थर होता. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नवा लग, नवा बोल्ट, दातेरी वॉशर, आणि घट्ट आवळल्यावर वरून ग्रीस. ग्रीस आवळल्यानंतर लावायचं, आधी नाही. परत मोजलं तर 0.12. त्यानंतर कितीही थंडी असली तरी सेल्फ पहिल्या झटक्यात फिरतो. बॅटरी बदलण्याआधी ही दोन मिनिटांची मोजणी प्रत्येकाने करावी.

दुसरं हेडलाइट. रात्री बांधावरून जायचं तर उजेड हवा. साठ वॉटचे दोन बल्ब म्हणजे बारा व्होल्टला दहा अँपिअर. जुन्या गाडीत हा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि बारीक तारेतून फिरून येतो. इंजिन चालू असताना माझ्या बॅटरीवर 13.9 होते आणि बल्बवर 11.6. व्होल्टेज थोडं पडलं तरी बल्बचा उजेड फार पडतो. अशा वेळी शंभर वॉटचे बल्ब घालू नका, होल्डर वितळतो. दोन रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) घाला, एक डिमला, एक अप्परला. जुनी तार फक्त रिलेची कॉइल चालवेल, आणि बल्बला बॅटरीवरून 2.5 स्क्वेअर एमएमची नवी तार येईल. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, कारण फ्यूजच्या आधीची तार घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारं कुणी नसतं.

तारेचा जोड डागायचा (सोल्डर करायचा) की क्रिम्प करायचा (दाबून बसवायचा)? आमचा हात आयुष्यभर डाग देण्यावर बसलेला. तरी गाडीत मी चांगल्या प्लायरने क्रिम्प करतो आणि वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवतो. डाग दिलेली तार जिथे कडक संपते आणि मऊ सुरू होते, तिथेच हादऱ्याने तुटते. दुकानातल्या मोटारीला असले हादरे नसतात.

शेतावर सोल्डरिंग आयर्न आणि दिवा चालावा म्हणून मी 300 वॉटचा इन्व्हर्टर बसवला. पूर्ण भाराला तो बॅटरीकडून तीस अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणून केबल आखूड आणि 10 स्क्वेअर एमएमची, स्वतंत्र फ्यूजवर. इंजिन बंद असताना तो अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवत नाही. ड्रिल किंवा ग्राइंडर त्यावर लावायचा नाही. मागच्या भागात छताला एलईडी पट्टी लावली आहे, शे-दीडशे रुपयांची, आणि सगळ्या कामात तिने दिलेला आराम मोठा. अंधारात पाना हाताला लागतो.

दार आणि पत्रा

सरकतं दार घसरायला लागलं की लोक ते उचलून आपटून लावतात, आणि मग लॉकचा खुंटाही झिजतो. दोष रोलरचा असतो. दाराला तीन ठिकाणी रोलर आहेत: वर, खाली आणि मागे बाहेरच्या पट्टीत. दार पूर्ण काढायची गरज नाही. दाराखाली गोणपाट गुंडाळलेला ठोकळा द्या, एकाने दार धरा, दुसऱ्याने एका वेळी एकच रोलर बदला. चॅनेल रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन कोरडा करा. खालच्या चॅनेलमधली पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, गंज तिथूनच चढतो. चॅनेलमध्ये जाड ग्रीस थापू नका. शेतातली माती त्यात बसून पॉलिश पेपर होतो. ग्रॅफाइट पावडर किंवा कापडाने पुसलेला तेलाचा हलका हात पुरतो. शेवटी दार लावून पुढची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा, नसेल तर खुंट सैल करून सरकवा.

पत्र्याचं काम पावसाळ्यात काढू नका. ओल्या हवेत प्रायमरखाली ओल अडकते आणि वर्षभरात रंगाला फोड येतात. मी दसरा झाल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात आठ दिवस काढले. त्या आठ दिवसांपुरती मित्राची गाडी मागून घेतली. पेंटरला आधीच सांगा की पुटीन भरून गंज झाकायचा नाही. सडलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि त्या मापाचा नवा तुकडा वेल्ड करायचा. पुटीन फक्त वरची पातळी सारखी करायला, अगदी पातळ.

वेल्डिंगआधी चार गोष्टी स्वतः उभं राहून करून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा. इंजिनच्या कॉम्प्युटरचा कनेक्टर काढा. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा. पेट्रोलची नळी किंवा टाकी जवळ असेल तर ती काढून लांब ठेवा, आणि अग्निशामक हाताशी हवा. वेल्डवर झिंक प्रायमर, सांध्याला सीलर, दोन दिवस उन्हात वाळवून मग खालून डांबरी अंडरकोट. जळकं ऑइल खालून फवारायची पद्धत आहे, ती मी करत नाही. रबराचे बुश त्याने फुगतात आणि उरलेलं ऑइल कुणाच्या तरी शेतात गळतं. पाणी जायची भोकं अंडरकोटने बुजणार नाहीत, एवढं बघा.

आता मॅटखालच्या गंजावरचा, मागे कबूल केलेला इलाज. फेल्ट कायमचा काढला. त्या जागी गॅल्वनाइज्ड पत्र्याचा चार बोटं काठ असलेला ट्रे करून घेतला. त्याला मागच्या कोपऱ्यात एक नळी आहे, ती फरशीच्या आधीच असलेल्या भोकातून बाहेर जाते, नवं भोक पाडलेलं नाही. ट्रेखाली रबराच्या चार पट्ट्या आहेत, म्हणजे हवा खेळते. ओली मोटार थेट ट्रेमध्ये. रविवारी दोन नट काढून ट्रे उचलतो, खालचा पत्रा कोरडा आहे का हाताने बघतो. दुसरा पावसाळा गेला तरी कोरडाच आहे.

ट्रेच्या पुढे, सीटमागे, अँगलच्या चौकटीत लोखंडी जाळी आहे आणि मोटार रॅचेट बेल्टने बांधलेली असते. ओम्नीला पुढे बॉनेट नाही. करकचून ब्रेक मारला तर पासष्ट किलोची मोटार आणि आपली पाठ यांच्यामध्ये काहीतरी हवं.

कागदपत्रं

खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. फॉर्म 25 भरायचा, गाडी आरटीओत तपासून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा. मुदत संपण्याच्या आधीच्या दोन महिन्यांत अर्ज करा. रंग बदलणं, सीट कायमच्या काढणं, सीएनजी बसवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये येतं. आधी आरटीओची परवानगी आणि मग आरसी बुकावर नोंद, नाहीतर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो. मी पांढऱ्याला पांढराच रंग दिला. सीएनजीचा विचार केला होता, पण सिलिंडर बरोबर मोटार ठेवायच्या जागेवर येतो, त्याची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, आणि माझं रोजचं फिरणं पन्नास किलोमीटरच्या आत आहे. रोज शंभरच्या पुढे फिरणाऱ्याने मात्र जरूर हिशोब घालावा.

सव्वा वर्षात माझे एकसष्ट हजार गेले. निम्म्याच्या आसपास पत्रा आणि रंग, मग टायर-ब्रेक, मग इंजिन. वायरिंगला सगळ्यात कमी, कारण मजुरी घरचीच.

वहीत आता एकच नोंद उरली आहे: मागच्या दाराचं वरचं रबर आकसलंय, धुतल्यावर डाव्या कोपऱ्यात थेंब येतो. मृगाच्या आत ते काढणार आहे. रबराखालची पत्र्याची कड आधी टोचून बघायची, आणि मगच नवं रबर आणायचं.